दोन्ही फोनवर व्हेनिस

"ताई, आमी व्हेनिसला उतरलोय, अन् पोरं उतरलीच न्हाईत!"

फोन विलासरावांचा होता, इटलीतून. मी परभणीत, स्टेशन रोडवरच्या माझ्या ऑफिसात कूलरसमोर बसून एका ग्रुपची बोधगयेची तिकिटं काढत होते. मी काही विचारायच्या आत टेबलावरचा दुसरा फोन वाजला. तो इरफानभाईंनी घेतला. इरफानभाई माझ्याकडे तिकिटिंग बघतात. त्यांनी जरा वेळ ऐकलं आणि फोनवर हात ठेवून मला म्हणाले, "मॅडम, विलासरावांची मुलगी आहे, ऋतुजा. म्हणते, आम्ही व्हेनिसला उतरलो, पण मम्मी-पप्पा कुठंच दिसत नाहीत."

मला हायसं वाटलं. म्हटलं, एकाच स्टेशनवर आहेत, गर्दीत चुकामूक झाली असेल.

"विलासराव, मुलं व्हेनिसलाच आहेत. स्टेशनवरच आहेत. तुम्ही कुठं उभे आहात?"

"आमीबी स्टेशनवरच हावोत की! सगळा प्लॅटफॉर्म पालथा घातला. कुटं हायेत?"

"इरफानभाई, तिला विचारा ती कुठं आहे."

"स्टेशनच्या दारात. म्हणते, सगळं स्टेशन शोधलं. पप्पांना फोन केला तर पप्पा म्हणतात मी स्टेशनवरच आहे, आणि ओरडतात."

दोघेही व्हेनिसला होते, दोघेही स्टेशनवर होते, आणि एकमेकांना दिसत नव्हते. मी एक फोन डाव्या कानाला आणि दुसरा उजव्या कानाला लावला. त्या क्षणी मला खरंच काही कळत नव्हतं. पण त्या सहलीच्या बाबतीत ही माझी पहिली वेळ नव्हती. दोन महिने मला काहीच कळलेलं नव्हतं.

माझं ऑफिस लहान आहे. रेल्वे, विमान, उमराहचे ग्रुप, बोधगया-कुशीनगर, उन्हाळ्यात काश्मीर. परदेश म्हणजे दुबई आणि थायलंड. मी स्वतः इटलीला गेलेली नाही. नकाशावर बोट ठेवून सहली आखणारी बाई आहे मी. त्यामुळं विलासराव पहिल्यांदा आले आणि म्हणाले, "ताई, इटलीचं बघा," तेव्हा मीच विचारलं, "ते का?"

जिंतूरला त्यांचं बी-बियाणं आणि खतांचं दुकान आहे. बायको मीरा मॅडम तिथंच हायस्कूलला शिक्षिका. मोठी ऋतुजा नुकतीच दहावीची परीक्षा देऊन मोकळी झालेली, धाकटा ओम आठवीत.

"पोरीनं ते मोबाइलवर बघून ठेवलंय," विलासराव म्हणाले. "जूनमधी ती लातूरला जायलीय, अकरावी-बारावीला. एकदा गेली की पाव्हण्यासारखी घरी येणार. त्याआधी चौघं मिळून कुटंतरी लांब जाऊन येऊ म्हटलं. आमच्या वडलांनी मेंढरं घेऊन चार जिल्हे पायी पालथे घातले. मी लेकरांना इटली तरी दाखवतो."

मला ते आवडलं. मी कामाला लागले.

युरोपच्या व्हिसाला आयटिनररी लागते. म्हणजे कुठल्या दिवशी कुठल्या गावात, कुठल्या हॉटेलात राहणार, गावाहून गावाला कसं जाणार, हे सगळं आधी ठरवून, बुकिंगसकट द्यायचं. आपल्याकडे 'जाऊ, बघू' चालतं. तिथं ते चालत नाही. एक दिवस हलवला की पुढचे सगळे दिवस हलतात.

मी साधी आयटिनररी केली. रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस, आणि परतीचं विमान मिलानहून. विलासरावांनी ती बघितली आणि म्हणाले, "एवढंच? तो वाकडा मनोरा? अन् ते ज्वालामुखीखाली गाडलं गेलेलं गाव?"

मी दोन्ही घातली. दोन दिवसांनी त्यांचा फोन. "फ्लॉरेन्सला मोठ्ठा घुमट हाय म्हणं, आतून वर चढून जाता येतं. त्याची तिकिटं काढा. पण घरी सांगू नका, सरप्राइज हाय."

त्याच आठवड्यात मधल्या सुट्टीत मीरा मॅडमचा फोन आला. मागं पोरांचा गलका ऐकू येत होता.

"ताई, ते गाडलं गेलेलं गाव काढून टाका."

"का हो? साहेबांनी मुद्दाम सांगितलंय."

"ऊन लय असतं तिथं. पण ह्यांना मी सांगितलं असं म्हणू नका. जागा नाही म्हणा."

परभणीची बाई इटलीच्या उन्हाला घाबरते, हे मला पटलं नाही. पण काढलं. मग एकदा ऋतुजाचा फोन आला. तिला व्हेनिसमध्ये अगदी पाण्यावरचं हॉटेल हवं होतं, खिडकीखालून बोटी जाणारं. "मावशी, पप्पांना सांगू नका, ते महाग म्हणतील. तुम्ही आपोआप टाका." मी शोधायला लागले तोवर पुन्हा मीरा मॅडम.

"पाण्यातलं हॉटेल अजिबात नको. स्टेशनच्या समोरचं बघा. लिफ्ट पाहिजे."

"मुलीला पाण्यावरचं हवंय."

"पोरांना पाण्याची भीती वाटते."

ओमचा पोहण्याच्या स्पर्धेत पदक घेतानाचा फोटो विलासरावांच्या मोबाइलच्या स्क्रीनवर होता. विलासरावांच्या मोबाइलवर घुमटाची तिकिटं बघून मॅडमनं नंतर घुमटही काढायला लावला, त्यांना उंचीवर चक्कर येते म्हणून. वाकडा मनोराही गेला, कारण दिवस फार धावपळीचा होतो.

एकदा ऊन, एकदा पाणी, एकदा उंची. कारण दरवेळी नवं. नवरा जे घालायचा ते बायको काढायची, मुलगी मला फोन करून विचारायची की मावशी, तुम्ही सगळी मजा का काढून टाकलीत. आणि प्रत्येकाला मी शब्द दिलेला की दुसऱ्याला सांगणार नाही. रात्री झोपताना मला आठवेनासं झालं की कुणाला काय माहीत आहे.

इरफानभाईंचं निदान तयार होतं. "मॅडम, उनो जाना नै चाहते दिखता."

मलाही वाटायला लागलं, मीरा मॅडमना जायचंच नाहीये. मॅडम सहीसाठी दोनदा परभणीला आल्या, पण ऑफिसात आल्या नाहीत. माझं ऑफिस पहिल्या मजल्यावर आहे. त्या खाली गाडीत बसून राहिल्या आणि मला फोन केला. मी फाइल घेऊन खाली गेले. "वर या ना मॅडम, चहा तरी घ्या," म्हटलं, तर म्हणाल्या, "नको, गाडीतच बरंय." मला वाटलं, ताठा आहे बाईंना. दुसऱ्यांदा मी सरळच विचारलं.

"मॅडम, तुमचं जायचं मन नाहीये का? नसेल तर आत्ताच सांगा. व्हिसा लागल्यावर गोंधळ होतो."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. "जायचंय हो ताई. लय जायचंय. पोरगी लातूरला गेल्यावर मग कधी?" आणि एवढं बोलून त्यांनी काच वर केली. मी फाइल छातीशी धरून रस्त्यावर उभी. जायचंय तर प्रत्येक गोष्ट काढून का टाकायची?

शेवटी स्टेशनसमोरचं, लिफ्ट असलेलं हॉटेल बुक केलं. आयटिनररी विलासरावांना पाठवली. त्यांनी ती मुलांना दाखवलीच नाही, कारण घुमट का गेला यावरून घरात आधीच भांडण झालं होतं. मी त्यांना गावांची इटालियन नावं पाठ करायला लावली. तिथं पाटीवर फ्लॉरेन्स लिहिलेलं नसतं, फिरेन्झे असतं. व्हेनिसचं वेनेत्सिया. शेवटच्या घटकेला एक दिवस मागंपुढं झाला, त्यामुळं फ्लॉरेन्स ते व्हेनिस गाडीत चार जागा एकत्र मिळाल्या नाहीत. आई-वडील एका डब्यात, मुलं पुढच्या डब्यात. दोन तासांचा तर प्रवास, मी म्हटलं चालेल.

तर आता माझ्या दोन्ही कानांना फोन होते.

"विलासराव, आधी शांत व्हा. स्टेशनच्या बाहेर काय दिसतंय ते सांगा."

"काय दिसणार? रोड हाय. बसा उभ्या हायेत, टॅक्स्या हायेत. समोर आपलं हॉटेल हाय, नाव वाचता यायलंय."

"ऋतुजा, तुला काय दिसतंय?"

"पाणी, मावशी."

"पाणी म्हणजे?"

"पाणीच! दारातून पायऱ्या उतरल्या की पाणी. बोटी चालल्यात. पलीकडं हिरव्या घुमटाचं चर्च आहे."

मी विलासरावांना म्हटलं, "तुमच्याकडं पाणी आहे का?"

"इथं? पाण्याची बाटलीसुदीक मिळंना!"

तेव्हा डोक्यात उजेड पडला. व्हेनिस नावाची दोन स्टेशनं आहेत. एक वेनेत्सिया मेस्त्रे, जमिनीवरचं, जिथं हॉटेलं आहेत, रस्ते आहेत. गाडी तिथं थांबते, मग समुद्रावरच्या लांब पुलावरून पुढं जाते आणि दुसऱ्या स्टेशनला संपते, वेनेत्सिया सांता लुचिया. खरं पाण्यातलं व्हेनिस ते. आपल्याकडून सिकंदराबादला उतरलेला माणूस हैदराबादला उतरलो म्हणतो, आणि नामपल्लीला उतरलेलाही हैदराबादच म्हणतो, तसंच. विलासराव पाटीवर वेनेत्सिया वाचून, हॉटेल जिथं होतं तिथंच, बरोबर उतरले होते. ऋतुजानं मोबाइलवर महिनाभर सांता लुचियाची चित्रं बघितली होती. मेस्त्रेला बाहेर नुसता रस्ता बघून तिला वाटलं, हे मधलंच स्टेशन आहे. ती जागची हलली नाही. दारं बंद झाली.

मी दोघांना समजावून सांगितलं. "दहा-पंधरा मिनिटांचं अंतर आहे. विलासराव, तुम्ही तिथंच थांबा. मुलं पुढच्या गाडीनं तुमच्याकडं येतील."

"लेकरं परक्या मुलखात एकटी, अन् मी थांबू? मेंढरं राखणाऱ्याचा पोरगा मी, अन् मला दोन लेकरं सांभाळता यायली न्हाईत!" त्यांचा आवाज फाटला. "मीच जातो. मीरा, चल. खालून पलीकडच्या प्लॅटफॉर्मला जायचंय. चल लवकर!"

मग नुसता आवाज. बॅगांची चाकं, कुणाचे तरी इटालियन शब्द, विलासरावांचं "चल, चल". मी "हॅलो, हॅलो" करत राहिले. आणि मग फोनवर मीरा मॅडम आल्या.

"ताई."

"मॅडम, तुम्ही कुठं आहात?"

"मी वरच आहे, बाकावर. हे फोन माझ्या हातात देऊन गेले पळत. मागं वळून बघितलंच नाही. मला वाटतं, त्यांना वाटलं मी येतेच आहे." त्या थांबल्या. "मला जिना उतरता येईना ताई."

"पाय मुरगळला का?"

"नाही हो. दोन्ही गुडघे गेलेत माझे. वरसापासून. नांदेडच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलंय. हे म्हणतात बाम लाव, बरं वाटंल. मी सांगितलंच नाही कुणाला. सांगितलं असतं तर ह्यांनी सहलच रद्द केली असती, अन् पोरगी निघून गेली असती लातूरला. चढायचं असंल तिथं मी काही ना काही सांगून काढून टाकायचे. आता ह्या जिन्याला काय सांगू?"

काढलेली एकेक गोष्ट डोळ्यांपुढं यायला लागली. ते गाडलेलं गाव, म्हणजे दगडी चढउतार. घुमट म्हणजे जिना. पाण्यातलं हॉटेल म्हणजे बॅगा घेऊन पुलामागून पूल, आणि प्रत्येक पुलाला पायऱ्या. खाली उभी असलेली गाडी आणि माझं पहिल्या मजल्यावरचं ऑफिस. दोन महिने मी ह्या बाईला कधी गर्विष्ठ समजले, कधी नाराज.

"पोरांना सांगू नका बरं का," त्या म्हणाल्या.

आता ही चौथी गुप्त गोष्ट. मी उजव्या कानाचा फोन बघितला. त्यावर ऋतुजा होती, आणि ती म्हणत होती, "मावशी, आम्ही इथंच थांबतो, पप्पा येतायत ना? मम्मीला म्हणा तूपण ये, इथंच तर खरं व्हेनिस आहे."

मी डावा फोन इरफानभाईंच्या हातात दिला आणि त्यांना म्हटलं, "मॅडमशी बोलत राहा. काहीही बोला." आणि खिडकीपाशी जाऊन ऋतुजाला सगळं सांगितलं. शब्द दिला नव्हता, त्या नुसतं 'सांगू नका' म्हणाल्या होत्या, असं मी मनाशी म्हटलं. खरं तर मला आणखी एक गोष्ट पोटात ठेवणं शक्यच नव्हतं.

"रोममध्ये ती सगळीकडं बाहेरच बसायची," ऋतुजा म्हणाली. "आम्ही आत जायचो, ती बॅगा सांभाळत बसायची. मी म्हणाले तिला, तुला काही बघायचंच नव्हतं तर तू आलीस कशाला. काल रात्री म्हणाले." मग आवाज एकदम बदलला. "ती आता एकटी आहे का तिथं?"

"हो. पण तुझे पप्पा तुमच्याकडं—"

"पप्पांना सांगा आम्ही तिच्याकडं चाललोय. ओम, बॅग उचल."

"अगं थांब, पप्पा गाडीत बसलेत, तुमची पुन्हा चुकामूक—"

फोन बंद. पुन्हा लावला तर लागेना. डाव्या फोनवर इरफानभाई मीरा मॅडमना जिंतूरला यंदा कैऱ्या कशा आल्यात ते विचारत होते.

विलासरावांचा फोन बायकोजवळ, मुलीचा लागत नाही. एक माणूस व्हेनिसहून व्हेनिसला चालला होता आणि दोन मुलं व्हेनिसहून व्हेनिसला. मला फक्त मीरा मॅडम कुठं आहेत एवढंच नक्की ठाऊक होतं. समोरच्या स्क्रीनवरचं बोधगयेच्या तिकिटांचं पान तोवर आपोआप बंद झालं होतं. मी नकाशावरच्या त्या निळ्या पुलाकडं नुसती बघत बसले.

मग एका अनोळखी, परदेशी नंबरवरून फोन आला. विलासरावांनी कुणाला तरी खाणाखुणा करून त्याचा फोन मागून घेतला होता.

"ताई! इथं सगळं पाणीच हाय!"

"हो विलासराव, तेच खरं व्हेनिस."

"पोरं कुटंयत?"

"मेस्त्रेला गेली. मॅडमकडं."

"अन् मीरा माझ्या मागं आली न्हाई?"

"त्यांना जिना उतरता येत नाही. गुडघ्यांचं ऑपरेशन सांगितलंय. तुम्हाला कुणालाच सांगितलं नव्हतं."

मागून बोटीचा भोंगा ऐकू आला. मला वाटलं ते चिडतील, माझ्यावर नाहीतर बायकोवर. ते म्हणाले, "बाम लावती ती रोज. मीच आणून द्यायलोय." आणि मग, अगदी बारीक आवाजात, "आता मी कोणत्या गाडीत बसू?"

"कोणत्याही बसा. तिथून सुटणारी गाडी मेस्त्रेला थांबते. वेनेत्सिया मेस्त्रे. मेस्त्रे वाचल्याशिवाय उतरू नका, आणि मेस्त्रे वाचलं की बसून राहू नका."

त्यानंतर बराच वेळ कुणाचाच फोन नाही. इरफानभाईंच्या फोनवरचं बोलणंही थांबलं, कारण मॅडम म्हणाल्या, "आली हो पोरं," आणि तिकडून फोन कट झाला. चहा आला, तो तसाच गार झाला. मग ऋतुजानं एक फोटो पाठवला. बाकावर मीरा मॅडम, एका बाजूला ओम, दुसऱ्या बाजूला स्वतः ऋतुजा. मॅडमचे डोळे सुजलेले होते. फोटोत विलासराव नव्हते. ते पाठोपाठ आले, आणि हॉटेलातल्या लिफ्टनं चौघं वर गेले, असं मला नंतर कळलं.

दुसऱ्या दिवशी ऋतुजाचा फोन आला. "मावशी, पुढचं सगळं मला विचारून करा. पायऱ्यांचं असेल ते काढा." पुढं मिलानमध्ये मोठ्या चर्चच्या गच्चीवर जायचं होतं, ते काढलं. व्हेनिसमध्ये एक दिवस वाढवला. हॉटेलसमोरच्या बसनं पुलावरून थेट बोटीच्या धक्क्यापर्यंत जाता येतं. तिथं सिटी बस म्हणजे बोटच असते. काठावरून सरळ आत पाऊल टाकायचं आणि बसायचं, जिना नाही. मीरा मॅडम दोन दिवस ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत त्या बोटीत बसून होत्या, आणि घरचे आळीपाळीनं त्यांच्याशेजारी.

परत आल्यावर त्यांचा मला फोन आला. मी म्हटलं, "मॅडम, मी सांगितलं मुलीला, रागावलात का?"

"आधी रागावले होते," त्या म्हणाल्या. "बाकावर बसल्या बसल्या तुम्हाला लय शिव्या दिल्या मनात. मग ऋतुजा पायऱ्यांवरून धावत वर आली. माझ्या पायाशी बसून तिनं माझ्या बुटांच्या लेस बांधल्या. सकाळपासून सुटलेल्या होत्या, मला वाकता येत नव्हतं, अन् कुणाला सांगायचं नव्हतं."

ऋतुजा जूनमध्ये लातूरला गेली. मॅडमचं ऑपरेशन दिवाळीच्या सुट्टीत झालं, एका पायाचं. दुसऱ्याचं उन्हाळ्यात आहे. विलासराव आता नेपाळचं विचारत आहेत. मी त्यांना म्हटलं, आधी घरी विचारा.

ह्या धंद्यात मी एक नियम केला आहे. कुटुंबाची सहल घेतली की पहिल्या दिवशी सगळ्यांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप करते आणि आयटिनररी त्यावरच टाकते. कुणी वेगळा फोन करून "घरी सांगू नका" म्हणालं की मी म्हणते, मग मलाही सांगू नका, ग्रुपवर टाका. अर्थात ग्रुपवर कुणीच काही टाकत नाही. मग एक दिवस सगळे मिळून ऑफिसात येतात आणि माझ्यासमोर बसून भांडतात. ते मला चालतं. निदान सगळे एका गावात असतात.